फॅमिली गाडीच्या सेफ्टी तक्रारी: वाचायच्या कशा आणि द्यायच्या कशा, नवीन गाडीवाल्या सोलापूरकरांसाठी

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडं चौकशी मेव्हण्यापासून सुरू होते, मग ओळखीचा मेकॅनिक, आणि मग रात्री मोबाईलवर मॉडेलचं नाव टाकून पुढं "प्रॉब्लेम" असं लिहून वाचत बसायचं. तिथं जे मिळतं त्यानं डोकं फिरतं. एक म्हणतो ब्रेकच लागत नाहीत, दुसरा म्हणतो लाखभर किलोमीटर झाले, एक रुपया खर्च नाही, तिसरा नुसत्या शिव्या घालतो. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यानं यातलं काय धरायचं, काय सोडायचं, आणि उद्या आपल्याच गाडीत काही निघालं तर ते कुणाला आणि कसं सांगायचं, या दोन्हीसाठी हे लिहितोय. एर्टिगा असो, बलेनो असो, क्रेटा असो, पद्धत तीच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तक्रार लेखी असली आणि तिच्यात पार्ट, स्पीड, किलोमीटर, तारीख असली तरच ती पुढं जाते. आपल्याकडं लोक पार्क चौकात उभं राहून अर्धा तास गाडीला नावं ठेवतील पण लिहून कुणी देणार नाही, आणि लिहून न दिल्यानं काय जातं ते बघा. अमेरिकेत होंडा सिव्हिकचं स्टेअरिंग हायवेवर सरळ चालताना मध्येच चिकटल्यासारखं होतंय अशा मालकांच्या तक्रारी तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा खात्याकडं आल्या, १४५ तक्रारींवर मार्च २०२३ मध्ये त्यांनी चौकशी उघडली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडानं सिव्हिक, सीआर-व्ही धरून सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. दोष निघाला स्टेअरिंगच्या गिअरबॉक्समधल्या वर्म गिअरच्या चाकात, ते नीट बनलेलं नव्हतं आणि घर्षण वाढून स्टेअरिंग अडकत होतं. १४५ माणसांनी बसून नीट लिहिलं म्हणून १७ लाख घरांच्या गाड्या तपासल्या गेल्या.

१. आधी चेसिस नंबर हातात घ्या

बाकी काही वाचायच्या आधी हे करा, पाच मिनिटाचं काम आहे. आरसीवर चेसिस नंबर असतो, १७ अक्षरं-आकड्यांचा. तो कंपनीच्या वेबसाईटवर रिकॉलच्या (दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या दुरुस्तीला परत बोलावते ते) पानावर टाकायचा, या गाडीवर रिकॉल आहे का नाही ते दिसतं. वेबसाईट जमत नसेल तर त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगा, ते बघून सांगतात.

सेकंडहँड घेणाऱ्यानं तर हे केल्याशिवाय टोकन द्यायचंच नाही. कारण रिकॉलचा फोन किंवा मेसेज जातो तो कंपनीकडं ज्याचा नंबर आहे त्याला, म्हंजे पहिल्या मालकाला. गाडी पुण्यातनं सोलापुरात आली, एमएच १२ ची गाडी आता जुळे सोलापुरात उभी आहे, पण कंपनीच्या कॉम्प्युटरवर अजून कोथरूडचाच माणूस आहे. रिकॉल मात्र गाडीवर असतो, मालकावर नाही, त्यामुळं तुम्ही तिसरे मालक असला तरी ते काम फुकटच होतं. गाडी नावावर झाली की सर्व्हिस सेंटरला जाऊन आपला मोबाईल नंबर त्यांच्याकडं बदलून घ्या, लोक आरटीओचं सगळं करतात आणि हे विसरतात.

रिकॉल नीट वाचायचा कसा याचं एक उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या पेट्रोल गाड्या परत बोलावल्या, एकूण १,८१,७५४. पण सगळ्या एर्टिगा नाही बरं का, ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्याच. कारण होतं मोटर जनरेटर युनिट (इंजिनाला मदत करणारी आणि बॅटरी चार्ज करणारी मोटर), आणि पार्ट बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातनं गाडी नेऊ नका, इलेक्ट्रिकल पार्टवर थेट पाणी मारू नका असं कंपनीनं सांगितलं होतं. आता आपल्याकडं वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशरनं पाणी मारायची पद्धतच आहे. म्हणून रिकॉलची नोटीस शेवटपर्यंत वाचायची, तोवर काय करू नका हे त्यातच असतं. आणि गाडी कधी बनली ते बघायचं, रजिस्ट्रेशन कधी झालं ते नाही, या दोन तारखांत कधी कधी बरेच महिने जातात.

२. सेफ्टीची तक्रार वेगळी काढा

ॲव्हरेज कमी, एसी गार करत नाही, टचस्क्रीन अडकतो, डॅशबोर्ड खडखड वाजतो, या सगळ्या खऱ्या तक्रारी आहेत, पण जिवाशी गाठ नाही. तुम्ही शोधायचं ते हे: ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग आणि सीटबेल्ट, पेट्रोलचा वास किंवा गळती, वायरिंगमधनं धूर, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, आणि दरवाजा किंवा बॉनेट चालताना उघडणं. एवढ्या सातवर बोट ठेवून वाचा, बाकी पुढं ढकला.

यातलं "चालत्या गाडीत बंद पडणं" लोक हलक्यात घेतात. चावी फिरवली की परत चालू होते ना, मग झालं. पण इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते, नंतर पॅडल दगडासारखं कडक लागतं (ब्रेक गेलेला नसतो, पूर्ण ताकद लावून दाबला तर लागतो, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा). अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कोबाल्ट वगैरे गाड्या अशाच बंद पडायच्या, कंपनीनं कित्येक वर्ष ती गैरसोयीची तक्रार म्हणून धरली, सेफ्टीची नाही. शेवटी २०१४ मध्ये कळलं काय, तर चावीचं स्विच ढिलं होतं, जड जुडग्यानं किंवा गुडघा लागून ते चालता-चालता सरकायचं, इंजिन बंद आणि सोबत एअरबॅगही बंद. २६ लाख गाड्या परत बोलावल्या, आणि भरपाईच्या फंडानं १२४ मृत्यू त्या दोषाशी जोडले गेल्याचं मान्य केलं. तेव्हा चावीवाल्या गाडीत घराची, दुकानाची, कपाटाची सगळी किल्ली एकाच जुडग्यात लटकवत असाल तर आजच वेगळी करा.

अजून एक, जास्त तक्रारी म्हंजे गाडी खराब असं लगेच ठरवू नका. महिन्याला पंधरा हजार खपणाऱ्या गाडीच्या तक्रारी पाचशे खपणाऱ्या गाडीपेक्षा जास्तच दिसणार. बघायचं ते हे की वेगवेगळ्या गावची, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच पार्टबद्दल, साधारण त्याच किलोमीटरला, त्याच वर्षात बनलेल्या गाडीबद्दल तेच सांगतायत का. तसं असेल तर दहा तक्रारीसुद्धा मला पुरतात. आणि "डबडी गाडी, घेऊ नका" असं शंभर जणांनी लिहिलेलं असलं तरी त्यातनं हाती काहीच लागत नाही.

स्टार रेटिंग हा वेगळा विषय. आपल्याकडं हे स्टार देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, ते कोरी गाडी आदळून बघतात. तीन वर्ष आपल्या उन्हात आणि खड्ड्यात चालल्यावर पार्टचं काय होतं ते मालकांच्या तक्रारीतच कळतं. दोन्ही बघा.

३. दोष मॉडेलचा का आपणच लावून घेतलेला?

हे तपासल्याशिवाय तक्रार करू नका, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाला पहिल्याच वाक्यात तुम्हाला गप्प करतो.

मॅट बघा. नवीन गाडी घेतली की सीटकव्हर आणि सेवन डी मॅट टाकल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि दुकानदार खालचं कंपनीचं मॅट न काढता वरनंच जाड मॅट टाकून देतो. ड्रायव्हरच्या सीटवर न बसता खाली वाकून हातानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा, मॅटची कड पॅडलच्या खालच्या टोकाला अडकते का बघा. मग मॅट पुढं सरकवून परत एकदा बघा, कारण वापरात ते सरकतंच. गाडी आपोआप पळते या तक्रारींवरनं टोयोटानं २००९ मध्ये अमेरिकेत मॅट पॅडलला अडकण्याच्या कारणासाठी ३८ लाख गाड्यांचा रिकॉल काढला होता, म्हंजे ही बारीक गोष्ट नाही. ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट, खालच्या हुकात अडकवलेलं, बास.

वायरिंग बघा. बाहेरून लावलेले एलईडी, हॉर्न, ॲम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा यासाठी मूळ वायर कापून टेपनं जोडली असेल तर धुराची तक्रार कंपनी ऐकून घेणार नाही, आणि खरं सांगायचं तर तिथं चूकही त्या जोडाचीच असू शकते. बाहेरनं बसवलेला सीएनजी किट असेल तर तो आरसीवर चढलेला पाहिजे.

टायर बघा. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडीचे टायर वरनं काळे चकचकीत पॉलिश केलेले असतात आणि आतनं जुने, कडक झालेले. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर, रस्ता तापलेला, गाडीत सात माणसं आणि वर कॅरिअरला सामान, अशा वेळी टायर फुटला की माणूस म्हणतो स्टेअरिंग ओढलं. हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं, सकाळी गार टायरला. फुल लोडचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

४. सेकंडहँड असेल तर ट्रायलला हे बघाच

इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदात विझला पाहिजे. लागूनच राहिला तर सिस्टीममध्ये फॉल्ट आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो दिवा लागलाच नाही तर लोक खूश होतात, आणि खरी भीती तिथंच आहे. एअरबॅग फुटून गेलेल्या गाडीत नवीन बसवण्याऐवजी दिव्याचं कनेक्शनच काढून टाकलेलं असू शकतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) दिव्याचंही तसंच. स्टेअरिंगवरचं आणि डाव्या बाजूचं एअरबॅगचं झाकण बाकी डॅशबोर्डपेक्षा वेगळ्या रंगाचं दिसतंय का, तेही उजेडात बघून घ्या.

एअरबॅग किती आहेत ते विचारा. ड्रायव्हरची १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ च्या शेवटापर्यंत मुदत होती, म्हणून २०२० च्या बेस मॉडेलला एकच असू शकते. तो दोष नाही, पण शेजारी कोण बसणार ते तुम्हाला ठरवावं लागेल.

मग विजापूर रोडला किंवा होटगी रोडला मोकळ्या जागी, मागं कुणी नाही बघून, ४० च्या स्पीडला जोरात ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे आणि एबीएस असेल तर पायाखाली थरथर जाणवली पाहिजे.

५. आपल्या गाडीत निघालं तर त्याच दिवशी लिहा

स्टेअरिंग अडकलं, ब्रेकचं पॅडल खाली गेलं, गाडी मध्येच बंद पडली, तर आधी गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चारही लावा, माणसं रस्त्याच्या कडेला लांब उतरवा. पुणे रोडला ऊसाच्या सीझनमध्ये मागनं डबल ट्रॉली येत असतात, गाडीत बसून राहायचं नाही. ब्रेक किंवा स्टेअरिंगचा प्रॉब्लेम असेल तर तशीच हळूहळू घरी आणू नका, टो करून न्या.

मग मोबाईलमध्ये मीटरचा आणि पेटलेल्या दिव्यांचा फोटो, आणि लगेच चार ओळी. सर्व्हिस सेंटरला जाऊन आपण म्हणतो, "ओ अण्णा, स्टेअरिंग जाम होऊलालंय बघा की." यातनं कुणाला काही कळत नाही. असं लिहा:

"१२ एप्रिल, दुपारी तीनच्या सुमारास, पुणे रोडवर मोहोळच्या अलीकडे, सरळ रस्ता, स्पीड ८०. स्टेअरिंग मध्यावर अडकलं, डावीकडं घ्यायला जोर लावावा लागला आणि मग एकदम सुटलं, गाडी झोल खाल्ली. मीटर ३४,६१०. एसी चालू, गाडीत पाच जण, कुठलाही दिवा पेटला नव्हता. सोलापूरहून निघून अर्धा तास झाला होता. परत येताना गाडी गार होती तेव्हा झालं नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. गरम झाल्यावर होतं का गार असताना, पाऊस होता का, टाकी भरलेली का रिकामी, चढाला का उताराला, यावरनंच मेकॅनिकला पार्ट सापडतो. व्हिडिओ काढायचा असेल तर शेजारी बसलेल्यानं काढायचा, चालवणाऱ्यानं नाही.

६. जॉब कार्ड, यावर सगळं अडतं

माझ्या शेजाऱ्याचं बघितलंय. स्टेअरिंगची तक्रार घेऊन ते तीन वेळा एका सर्व्हिस सेंटरला गेले, पहिल्यापासूनची सगळी जॉब कार्ड (गाडी देताना तक्रार लिहून घेतात तो कागद) काढून बघितली तर तिन्हीवर लिहिलंय "जनरल चेकअप, वॉशिंग". म्हंजे कागदावर त्यांची तक्रार कधी झालीच नाही. वॉरंटी संपल्यावर कंपनी म्हणाली, आधी तर तुम्ही कधी बोलला नाहीत. तो माणूस रडकुंडीला आला होता आणि त्याच्याकडं दाखवायला एक ओळ नव्हती.

म्हणून ॲडव्हायझर टॅबवर टाईप करत असताना समोर उभं राहा आणि तुमचे शब्द तुमच्याच शब्दांत टाकायला लावा. "स्टेअरिंग चेक" नाही, "८० च्या स्पीडला स्टेअरिंग मध्यावर अडकते" असं. सही करायच्या आधी वाचा, फोटो काढा. त्यांच्या माणसाला सोबत घेऊन ट्रायल मारा, ज्या रस्त्यावर ज्या स्पीडला झालं तिथंच, सेंटरच्या आवारात फिरवून काही दिसणार नाही. स्कॅनर लावला असेल तर फॉल्ट कोडची प्रिंट मागा, कोड पुसून टाकायच्या आधीची. "काही सापडलं नाही" म्हणाले तर तेच बिलावर लिहून द्या म्हणा. आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट बघायला मागा, फोटो घ्या. आवाज चढवायची गरज नाही, तो ॲडव्हायझर पगारी माणूस आहे, नीट बोलून पण अडून राहिलं की देतात.

७. पुढं कुणाकडं

त्याच आठवड्यात कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, जॉब कार्ड जोडून. फोनवर बोललात तरी मागनं ईमेल टाकाच, आणि तक्रार नंबर मागून घ्या.

मग सरकारचं. १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० ए खाली रिकॉलचे नियम लागू झालेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीचा सेफ्टीचा दोष मालक स्वतः परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलच्या विभागात नोंदवू शकतो, आरसी समोर ठेवून फॉर्म भरा. एका मॉडेलच्या ठराविक संख्येनं तक्रारी झाल्या की, ती संख्या त्या गाडीच्या वर्षाच्या विक्रीवर ठरते, चौकशी लागते, आणि सरकारनं सक्तीचा रिकॉल काढला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. त्याआधी २०१२ पासून कंपन्या आपल्या संघटनेच्या कोडप्रमाणं स्वतःहून रिकॉल करत होत्या, सक्ती नव्हती. ही खिडकी आपल्या लोकांना माहीतच नाही. तुमची एकट्याची गाडी नीट झाली असली तरीसुद्धा तिथं नोंद करा, कारण पंढरपूर किंवा बार्शीत तीच गाडी घेतलेल्याची तक्रार त्याच आकड्यात मोजली जाणार आहे.

पैशाचं किंवा गाडी बदलून मिळण्याचं भांडण असेल तर ते पोर्टल उपयोगाचं नाही. त्यासाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला लावा, तिथं न सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, म्हंजे कंपनी हरियाणात आणि डीलर पुण्यात असला तरी सोलापुरात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यालाच चालतं, फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, कारण घडल्यापासून, तेव्हा "बघू, करतील नीट" म्हणत वर्ष घालवू नका.

८. अपघातच झाला असेल तर

गाडी लगेच उघडायला देऊ नका. इन्शुरन्सचा सर्व्हेअर येईपर्यंत आणि पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग यातलं काही हलवू द्यायचं नाही. पोलीस केस असली की आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि रिपोर्टमध्ये यांत्रिक दोष होता का ते लिहितो. ब्रेक लागला नाही किंवा एअरबॅग उघडली नाही असं तुमचं म्हणणं असेल तर ते जबाबातच आलं पाहिजे. नंतर आठवलं म्हणून चालत नाही. एअरबॅग प्रत्येक धडकेत उघडतेच असं नाही, मागनं बसलेली किंवा हळू लागलेली धडक असेल तर समोरची उघडणार नाही, पण ते ठरवायचं काम तपासणाऱ्याचं, तुम्ही धडक कुठनं आणि साधारण किती स्पीडला बसली तेवढं खरं सांगा.

हे सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. रिकॉलचं काम झालं की त्या जॉब कार्डवर पार्ट बदलल्याचं लिहून घ्या, आणि गाडी विकाल तेव्हा ती फाईल नव्या मालकाच्या हातात द्या.